मैत्रिणीला गर्भाशयाचा कॅन्सर निघाला, आता आपण काय करायचं?

"पिशवीचं जरा निघालंय," मैत्रीण फोनवर म्हणाली. 'कॅन्सर' हा शब्द यायला आणखी चार मिनिटं लागली, आणि तोही तिने इतक्या हळू उच्चारला की मला पुन्हा विचारावं लागलं. त्यावर मी काय बोलावं? "अगं, काही होत नाही, माझ्या ओळखीत एकीला असंच निघालं होतं, आज ठणठणीत आहे." पुढची दहा मिनिटं मी त्या ओळखीतल्या बाईबद्दलच बोलत होते. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की जिला कॅन्सर झालाय ती दोनच वाक्यं बोलली होती.

त्यानंतरच्या वर्षभरात चुकतमाकत जे शिकले ते इथे लिहितेय. उपचार काय घ्यायचे हे तिचे डॉक्टर ठरवतील, आपला प्रश्न फक्त सोबत कशी करायची एवढाच आहे. त्यातही एक गोष्ट सगळ्यात आधी सांगते. हा आजार अशा जागी होतो जिच्याबद्दल बोलताना माणसं आवाज खाली आणतात. पाय मोडला तर प्लास्टरपर्यंतची सगळी कथा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगता येते. अंगावरून जाणं, योनीतून होणारी तपासणी, शरीरसंबंध, लघवीवर ताबा न राहणं, हे मात्र नवऱ्याला अर्धं सांगितलं जातं, मुलांना पाव आणि बाकीच्यांना काहीच नाही. म्हणून तिला निदान एक माणूस असं हवं, ज्याच्यासमोर तिला कुजबुजावं लागणार नाही. ते माणूस तुम्ही व्हायचं. बाकीची कामं त्याच्या मागोमाग येतात.

पहिला आठवडा

या आठवड्यात कमी बोला. "ऐकतेय मी" एवढं पुरतं. "बोलायचंय की नुसती फोनवर थांबू?" हेही चालतं. "पुढची तारीख कधीची? मी येऊ सोबत?" हा सगळ्यात कामाचा प्रश्न.

दोन वाक्यं तोंडातून जाऊ देऊ नका. एक, "तू पॉझिटिव्ह राहा." रडू आलं तर मग तिने ते लपवायचं कुठे? दुसरं, "आधीच का नाही दाखवलंस?" पाळी कायमची बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसणं हे या कॅन्सरचं सगळ्यात नेहमीचं लक्षण. पण पाळी जायच्या वयात मागेपुढे होतच असतं, म्हणून अनेकजणी काही महिने थांबतात. तो हिशेब ती रात्री एकटी मांडतेच आहे. वजनाचंही तसंच. पाळी गेल्यावर शरीरातली चरबी इस्ट्रोजेन बनवत राहते आणि त्याने गर्भाशयाच्या अस्तराची वाढ होते, म्हणून जास्त वजनाने धोका वाढतो हे खरं आहे. तिनेही ते निदानाच्या पहिल्याच रात्री वाचलेलं असतं. तुम्ही पुन्हा वाचून दाखवायची गरज नाही.

आणि लगेच विचारून ठेवा: कोणाकोणाला माहीत आहे, आणि कोणाला कळू द्यायचं नाही? मी हे विचारलं नव्हतं. तिच्या ऑफिसातली एकजण भेटली तेव्हा "कशी आहे गं ती आता?" या प्रश्नाला मी सरळ उत्तर देऊन बसले. त्या बाईंना फक्त 'सुट्टीवर आहे' एवढंच माहीत होतं.

थोडा गृहपाठ

डॉक्टर होण्याइतका नको. ती बोलेल ते कळण्याइतका पुरे.

गर्भाशयाचा कॅन्सर म्हणतात तो बहुतेक वेळा आतल्या अस्तराचा, म्हणजे एंडोमेट्रियमचा असतो. स्नायूंमधून उठणारा सार्कोमा वेगळा, आणि बराच दुर्मीळ. गर्भाशयाच्या मुखाचा, म्हणजे सर्व्हिक्सचा कॅन्सर हा तर तिसराच आजार. एचपीव्ही विषाणू, त्यावरची लस, पॅप टेस्ट हे सगळं त्या तिसऱ्याचं. तेव्हा लशीचे लेख तिला पाठवू नका, आणि "पण तुझी पॅप टेस्ट तर नॉर्मल होती ना?" असंही विचारू नका. अस्तराचा कॅन्सर पकडायला ती टेस्ट बनलेलीच नाही. त्याचं निदान अस्तराच्या बायोप्सीने होतं. त्याआधी योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीत अस्तर जाड झालेलं बहुधा दिसतं.

ग्रेड आणि स्टेज या दोन शब्दांची गल्लत सगळेच करतात. ग्रेड म्हणजे पेशी किती बिघडलेल्या दिसतात, 1 ते 3. स्टेज म्हणजे आजार कुठवर पोहोचलाय: 1 म्हणजे गर्भाशयातच, 2 म्हणजे मुखापर्यंत, 3 म्हणजे अंडाशय, योनी किंवा लसीकाग्रंथींपर्यंत (लिम्फ नोड), 4 म्हणजे मूत्राशय, आतडं किंवा त्याही पलीकडे. ग्रेड बायोप्सीत कळते, पण नक्की स्टेज बहुधा ऑपरेशननंतरच. म्हणून पहिल्या आठवड्यात "कितवी स्टेज?" असं विचारणाऱ्यांना ती काय सांगणार? रक्तस्रावामुळे हा आजार बहुतेकींमध्ये लवकर लक्षात येतो, ही त्यातली खरोखर चांगली बाजू. पण ती डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेली बरी, आपल्या तोंडून ती नुसती समजूत वाटते.

हल्ली रिपोर्टात पीओएलई, एमएमआर, पी53 अशी अक्षरंही येतात. गाठीतल्या जनुकांवरून तिचा स्वभाव ओळखायच्या या तपासण्या. 2023 साली स्टेजिंगचे नियम बदलले तेव्हापासून स्टेज ठरवतानाही त्यांचा विचार होतो. एमएमआरमध्ये, म्हणजे डीएनएमधल्या चुका दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेत, दोष निघाला तर लिंच सिंड्रोम नावाचा आनुवंशिक दोष आहे का हे पाहतात. त्यात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचाही धोका असतो, त्यामुळे तो प्रश्न मग तिच्या भावंडांचा आणि मुलांचाही होतो.

डॉक्टरांच्या खोलीत

एक वही घ्या. फोनमध्ये नको, वहीच. माझ्या मैत्रिणीच्या वहीच्या मागच्या पानावर औषधं होती आणि पुढून प्रश्न. वर्षभरात ती वही दोन्हीकडून भरत मध्यावर येऊन भेटली.

खोलीत शिरल्यावर डॉक्टरांजवळची खुर्ची तिची. तिच्या वाटची उत्तरं आपण द्यायची नाहीत. तिचं लक्ष तिसऱ्या वाक्यालाच उडालेलं असेल, म्हणून तुम्ही लिहीत राहा. आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर आधी विचारा, बहुतेक डॉक्टर हो म्हणतात.

इथली माझी चूक मोठी होती. पहिल्याच भेटीत मी विचारलं, "डॉक्टर, बरं होण्याची शक्यता किती टक्के?" त्यांनी आकडा सांगितला. चांगला होता आकडा. पण मैत्रिणीला तो ऐकायचाच नव्हता. लिफ्टमध्ये ती माझ्याशी बोलली नाही, गाडीतही नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "उरलेले टक्के मला रोज रात्री दिसतात." त्या दिवसापासून मी कानाला खडा लावला. भेटीच्या आदल्या दिवशी बसून ठरवायचं: कोणते प्रश्न विचारायचे, कोणते अजिबात नाही.

विचारण्यासारखे प्रश्न हे: पेशींचा प्रकार आणि ग्रेड काय? ऑपरेशन स्त्रियांच्या कॅन्सरचे सर्जन करणार का? दुर्बिणीने की पोट उघडून? अंडाशय काढणार का? लसीकाग्रंथी किती काढणार, की फक्त पहिली, सेंटिनल ग्रंथी तपासणार? एमएमआरची तपासणी झाली का? आणि रात्री दोन वाजता काही झालं तर कोणत्या नंबरवर फोन करायचा? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर घेतल्याशिवाय उठू नका.

तिला मूल हवं असेल तर तो विषय ऑपरेशनच्या आधीच निघाला पाहिजे. आजार अगदी सुरुवातीचा असेल, ग्रेड 1 असेल, तर निवडक जणींमध्ये गर्भाशय ठेवून प्रोजेस्टिन हार्मोनच्या गोळ्या किंवा गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं आययूडी देऊन, काही महिन्यांनी पुन्हा पुन्हा बायोप्सी करत वाट पाहता येते. प्रत्येकीला ते लागू नाही. पण संकोचापायी प्रश्न राहून गेला आणि ऑपरेशन झालं, तर मागे फिरता येत नाही.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर नुसती फाइल पुरत नाही. बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) लॅबकडून मागून घ्यावे लागतात. हे हेलपाट्याचं काम तुम्ही करण्यासारखं आहे.

ऑपरेशन आणि घरचे सहा आठवडे

बहुतेकींमध्ये गर्भाशय, त्याचं मुख, दोन्ही नळ्या आणि दोन्ही अंडाशय काढतात. दुर्बिणीने झालं तर एक-दोन दिवसांत घरी, पोट उघडून झालं तर आणखी काही दिवस. हॉस्पिटलला न्यायची पिशवी भरताना कंबरेला सैल असलेले कपडे घ्या. टाके बहुधा नेमके नाडीच्या रेषेवर येतात. सॅनिटरी पॅड (टॅम्पॉन चालत नाही), वाकावं न लागणारी चप्पल, लांब वायरचा चार्जर आणि एक छोटी उशी. उशी पोटावर दाबून धरली की खोकला आणि शिंक सोसते, गाडीत पट्ट्याखालीही ती लागते.

दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी तिचा खांदा दुखायला लागला आणि आम्ही दोघी घाबरलो. पोट फुगवायला भरलेल्या गॅसमुळे श्वासपटलाला त्रास होतो आणि ती कळ खांद्यात उठते, असं नर्सने सांगितलं. थोडं चालल्यावर, दोन-तीन दिवसांत गेली. आधी माहीत असतं तर एक रात्र वाचली असती. आणि हो, तिला हसवू नका. मी एक विनोद केला आणि तिने पोट धरून मला शिव्या घातल्या.

घरी आल्यावर जड उचलायचं नाही, साधारण सहा आठवडे. भरलेली बादली, बाजाराची पिशवी, अंगावर झेपावणारं मूल, सगळं त्यात आलं. योनीत काही घालायचं नाही, शरीरसंबंध नाहीत, डॉक्टर तपासून सांगेपर्यंत. चालायचं मात्र रोज, थोडं थोडं, कारण पायातल्या शिरांत रक्ताच्या गाठी होण्याची भीती असते. त्यासाठी काहींना घरीही पोटात इंजेक्शनं घ्यावी लागतात. थोडं रक्त किंवा पाणी काही आठवडे जाणं ठीक. पण तासाभरात पॅड भिजला, ताप 38 अंश सेल्सिअसवर (100.4 फॅरनहाइट) गेला, घाण वास येऊ लागला, लघवी अडली किंवा एकच पोटरी सुजून दुखू लागली, तर लगेच फोन. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर फोनही नको, थेट इमर्जन्सीत.

मदतीबद्दल एकच सांगते. "काही लागलं तर सांग" हे वाक्य म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक काम. त्याऐवजी "मंगळवारी चार ते सहा मी येतेय, कपडे धुऊ की मुलांना बाहेर नेऊ?" असं विचारा. निवडायला दोनच गोष्टी द्या. ती "काहीच नको, नुसती बस" म्हणाली तर नुसत्या बसा, आणि मोबाइल बाजूला ठेवा.

पाळी चालू असतानाच अंडाशय निघाले तर काही दिवसांतच अंगातून वाफा येऊ लागतात, घाम फुटतो, झोप उडते, विनाकारण चिडचिड होते. वर्षानुवर्षं हळूहळू व्हायचं ते शरीरावर एकदम कोसळतं. घरातल्यांना वाटतं ही आजाराने चिडखोर झाली. तुम्ही त्याला नाव द्या, "हे ऑपरेशनमुळे आलेलं मेनोपॉज आहे, डॉक्टरांना सांगू" म्हणा. उपाय असतात.

अंतिम रिपोर्ट यायला एक-दोन आठवडे लागतात, कधी जास्तही. माझ्या मते सगळ्या प्रवासातले हे सर्वांत वाईट दिवस. या काळात "रिपोर्ट आला का?" हा मेसेज करू नका. आला की ती सांगेल. दुसरं काहीही लिहा, खिडकीत आलेल्या पक्ष्याबद्दल लिहा.

केमो, लागलीच तर

सगळ्यांना लागत नाही. लागली तर बहुधा कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही जोडी, दर 21 दिवसांनी, अनेकदा सहा वेळा. आजार पसरलेला असेल तर 2023 नंतर त्यासोबत इम्युनोथेरपीही, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारं औषध, देऊ लागलेत. या औषधाचे दुष्परिणाम महिन्यांनीही उगवू शकतात, म्हणून नवीन पुरळ, जुलाब किंवा धाप अंगावर काढू देऊ नका.

दुसऱ्या फेरीपर्यंत तिच्या 21 दिवसांचा साचा तुमच्या लक्षात येईल. आमच्याकडे पहिले दोन दिवस सलाईनबरोबर दिलेल्या स्टेरॉइडमुळे ती टवटवीत असायची, सगळ्यांना वाटायचं झकास चाललंय. तिसऱ्या दिवशी हाडं ठणकायला लागायची आणि ती पलंगाला खिळायची. लोकांच्या भेटी पहिल्या दोन दिवसांत, माझ्या तिसऱ्या ते सहाव्या, अशी वाटणी आम्ही केली. दुसऱ्या आठवड्याच्या आसपास पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. तेव्हा नाक वाहत असेल तर जाऊ नका, कितीही प्रेम असलं तरी. थर्मामीटर उशाशी हवा. 38 अंश सेल्सिअस किंवा वर ताप म्हणजे मध्यरात्रीही हॉस्पिटल. परस्पर गोळी देऊन सकाळची वाट पाहायची नाही.

केस साधारण दोन-तीन आठवड्यांनी जातात. "केस काय, परत येतील" हे तिला कळतं, तरी ते बोलू नका. त्याहून कमी बोललं जाणारं दुखणं बोटांचं. चौथ्या फेरीनंतर एकदा ती आरशासमोर उभी राहून ब्लाउजचं हुक लावत होती. पाच मिनिटं. बोटांच्या टोकांना हुक लागतच नव्हतं. मी पुढे झाले तर म्हणाली, "थांब, सांगेन." सातव्या मिनिटाला वळून पाठ माझ्याकडे केली. डॉक्टरांना तिने हे सांगितलं नव्हतं, 'एवढ्यातेवढ्याला काय सांगायचं' म्हणून. सांगायचं असतं. औषधाचं प्रमाण त्यावरून बदलतात, आणि उशीर झाला तर बधिरपणा मागे राहू शकतो. वहीत लिहिलं, दाखवलं, डोस कमी झाला.

रेडिएशन, आणि ज्याबद्दल कोणी बोलत नाही

बाहेरून देतात ते रेडिएशन आठवड्यातले पाच दिवस, साधारण पाच आठवडे. मशीनखाली काही मिनिटंच, पण जाण्यायेण्यात अख्खा दिवस जातो आणि थकवा साठत जातो. ने-आण करायला चार माणसांचा तक्ता करा, एकट्याने अंगावर घेऊ नका. बऱ्याच ठिकाणी मूत्राशय भरलेलं ठेवून यायला सांगतात. पाणी पिऊन ती तयार असते आणि नेमकं मशीन वीस मिनिटं उशिरा चालू होतं. अशा वेळी गप्पा मारून लक्ष दुसरीकडे न्यायचं आणि आत निरोप द्यायचा, एवढं तुमच्या हातात आहे. जुलाब होतात, लघवीला जळजळ होते. गाडीत एक जादा कपड्याचा जोड न बोलता ठेवून द्या.

ब्रेकीथेरपी म्हणजे योनीत नळी बसवून आतून दिलेलं रेडिएशन. काहींना तेवढंच पुरतं, मोजक्याच बैठका. बहुतेक ठिकाणी किरणांचा स्रोत काही मिनिटांसाठी आत जातो आणि बाहेर काढला जातो. घरी येताना तिच्या अंगात काही राहत नाही. तिला मिठी मारायला, लहान मुलाला मांडीवर घ्यायला हरकत नसते. हे तिच्या घरच्यांनाही सांगा, कारण माझ्या मैत्रिणीने आठवडाभर स्वतःचं ताट वेगळं ठेवलं होतं.

यानंतर योनी आखडू शकते. ती आखडू नये, पुढच्या तपासण्या नीट व्हाव्यात म्हणून डायलेटर नावाची गुळगुळीत कांडी ठरावीक दिवसांनी काही मिनिटं वापरायला सांगतात. शरीरसंबंध ठेवायचे असोत वा नसोत, तरीही. बऱ्याचदा ती वस्तू आणि छापील कागद हातात देऊन मोकळे होतात. माझ्या मैत्रिणीने तो डबा महिनाभर कपाटातून काढलाच नाही. एका दुपारी मी विचारलं, "ते डायलेटरचं जमतंय का गं?" ती आधी लाल झाली, मग रडली, मग म्हणाली, "दुखतं, आणि विचारायचं कोणाला?" आम्ही दोघींनी तो कागद सोफ्यावर बसून वाचला, पुढच्या भेटीत तिने नर्सला विचारलं, नर्सने जेल दिलं आणि छोट्या आकाराने सुरुवात करायला सांगितलं. वर्षभरात मी केलेल्या मदतीत हा प्रश्न सगळ्यात मोलाचा होता असं मला वाटतं, आणि तो विचारायला मला तीन आठवडे लागले.

रिपोर्ट चांगला नसेल तर

तुम्ही पळू नका, एवढंच. फोन तितकेच ठेवा, विषय तितकेच साधे. पॅलिएटिव्ह केअरचं नाव निघालं की घरचे हबकतात, पण दुखणं, मळमळ, झोप यांच्यावर काम करणारी ही टीम उपचार चालू असतानाही असते. तिला मरणाबद्दल बोलायचं असेल तर "असं बोलू नको" म्हणून तिचं तोंड बंद करू नका. तुमचं रडू तुमच्याकडे, तिच्या नवऱ्याचं रडू ऐकायलाही कोणीतरी हवं, पण तिच्याकडे ही दोन्ही नकोत.

उपचार संपल्यावर

शेवटच्या दिवशी सगळे फुलं घेऊन येतात आणि पुढच्या आठवड्यात फोन थांबतात. तिचं खरं कोसळणं बहुधा तेव्हाच होतं. त्या महिन्यात दर आठवड्याला एकदा जा. पाय जड वाटतोय का, सुजतोय का विचारा. ग्रंथी काढल्या असतील तर ही सूज उशिरानेही येते. पुन्हा रक्त दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू देऊ नका.

तपासण्या पहिली दोन-तीन वर्षं तीन ते सहा महिन्यांनी होतात, मग सहा महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत. प्रत्येक तारखेच्या आधीचा आठवडा वाईट जातो. तारखा स्वतःच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा, तिने आठवण करायची वेळ येऊ देऊ नका.

आमची गेल्या महिन्यात झाली. बाहेर खुर्च्या भरलेल्या, दोन-तीन पुरुषही बसलेले. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "कशासाठी आलात?" मैत्रीण नेहमीच्या, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "गर्भाशयाच्या कॅन्सरचा फॉलोअप आहे, योनीची तपासणी. किती वेळ लागेल?" इकडेतिकडे कोण बघतंय ते पाहिलं मी.